नंबरी पोपटवाली

६ ऑगस्ट १९६१, अमरावती

शेवटी कसर लागलीच. आज रविवार म्हणून ट्रंक उन्हात काढली तर वाघाची शेपटी गायब, आगगाडीचे दोन डबे चाळणी. डांबराच्या गोळ्या टाकून काही उपयोग नाही. बाजारात मिळतात त्या गोळ्या नुसत्या वासाच्या, किडे त्या बाजूला सारून जेवतात.

पोपटवाली शाबूत आहे. पहिल्यांदा तीच काढून पाहिली, मग बाकीच्यांची मोजदाद.

आमच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत मला हसतात. चाळिशीचा माणूस, कारकून, अन् पोरांसारखी चित्रं जमवतो. त्यांना काय ठाऊक. कापडाच्या ठाणावर गिरणीवाले रंगीत चित्र चिकटवतात, त्याला तिकीट म्हणतात. माझे बाबा, बुधाजी, कापडबाजारात गठ्ठे वाहायचे. गठ्ठा फुटला की एखादं तिकीट ओल्या फडक्यानं सोडवून घरी आणायचे. आमच्या घरात रंग म्हणून जे काय आलं ते याच वाटेनं आलं. ट्रंक भरून होती. छप्पनमध्ये धम्म घेतला तेव्हा घरातले देव काढले, मग ट्रंकेतलेही काढले. गणपती, सरस्वती, मुरलीवाला, सगळे अकोल्याच्या भगवंतरावांना देऊन टाकले. त्यांचा जुन्या कागदांचा, चित्रांचा धंदा. उरले वाघ, हत्ती, आगगाड्या अन् पोपटवाली.

पोपटवाली बाबांनी आणलेली नाही. हातावर पोपट घेतलेली ही बाई माझ्या लग्नातल्या लुगड्यावरची. मनकर्णानं हळदीच्या हातानं सोडवली, म्हणून उजव्या कोपऱ्यात तिच्या अंगठ्याचा पिवळा ठसा आहे. मी म्हटलं होतं, हे पाह्य, हुबेहूब तू. ती हसली होती.

मनकर्णा गेली तेव्हा पंचफुला चार वर्षांची. फोटो कुठून असणार, आमच्याकडे तेव्हा फोटो कोण काढत होतं. पोरगी विचारायची, माय कशी होती. मी हे तिकीट दाखवायचो. असेच नाक, असेच डोळे. तिनंही ते मानलं. आता आठवीत आहे, तरी परीक्षेला जाताना ट्रंक उघडून पाहून जाते.

वाघाची शेपटी पाहून पोरगी हसायला लागली. तोंडावर हात धरून. किती वेळा सांगितलं, हात खाली घे, शिकलेल्या मुली असं हसत नाहीत. घेतला खाली, पण तोंड पाडून.

२० ऑगस्ट, अमरावती

सकाळच्या गाडीनं अकोल्याला जाऊन आलो. भगवंतरावांशी पोपटवालीबद्दल बोललो. कसरीनं एक दिवस हिचंही तोंड खाल्लं तर पंचफुलाला काय दाखवू, म्हणून एक नक्कल काढून ठेवायची.

भगवंतराव तंबाखू मळत होते. चुन्याची डबी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "देवमनजी, एक नक्कल काढाले जेवढा खर्च तेवढाच शंभराले. दगडावर चित्र घ्या लागते, रंगारंगाचा येगळा दगड. मंग एकच कावून काढता?"

मी म्हटलं, मला दुकान घालायचं नाही.

"दुकान नाही बाप्पा. तुमच्यासारखे शौकीन हायेत की, नागपूर, जळगाव, पार बऱ्हानपूरपर्यंत. शंभर काढू, दर एकावर लाल शाईनं नंबर. नंबरी माल. एकशे एकावं निंघणार नाही. दगड तुमच्यासमोर फोडतो."

नंबरी हा शब्द मला आवडला, खोटं कशाला सांगू. शंभर लोक, प्रत्येकाकडे आपला नंबर, अन् सगळ्यांना माहीत की अमरावतीच्या देवमनकडे अस्सल आहे. जन्मभर लोक हसत आले, म्हटलं एकदा तरी कुणी नाव घेईल.

दिली. वहीच्या पानात ठेवून, पान कापडात गुंडाळून. परत येताना बडनेऱ्यापर्यंत रिकामा खिसा चाचपत होतो, आहे का म्हणून.

पंचफुलानं आल्याआल्या विचारलं, "बाबा, माय कुठं हाय?" मी म्हटलं अकोल्याला. ऐकायला दोघांनाही बरं वाटलं नाही.

१७ सप्टेंबर

नंबर एक माझ्या हातात आहे.

छपाई सुरेख. पोपटाचा हिरवा तर अस्सलपेक्षा ताजा. गाल, नथ, पदराचा काठ, कुठे कमीजास्त नाही. खाली लाल शाईत १. काचेत बसवून भिंतीला लावलं.

एक गोष्ट मात्र पटली नाही. अंगठा पण छापला आहे. हळदीचा डाग, रेषांसकट. भगवंतरावांना म्हटलं, हा कावून घेतला? म्हणे, "चित्रात होता म्हून आला. नको म्हटलं असतं तं काढला असता."

मी म्हटलं नव्हतं हे खरं. तो चित्रात नाही, चित्रावर आहे, हे सांगायचं मला सुचलंच नाही.

अस्सल अजून छापखान्यात आहे. रंग जुळवायला लागते म्हणे. दगडही अजून फुटायचा आहे.

३ ऑक्टोबर, परतवाडा

रस्त्याच्या कामाच्या मोजणीसाठी साहेबांबरोबर आलो. मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो तर समोर भिंतीवर मनकर्णा.

पोपटवाली, म्हणायचं होतं. नंबर ३७.

छाती भरून आली. मेळघाटाच्या तोंडाशी, धुरकट हॉटेलात, एक शौकीन निघावा. मालकाला विचारलं, हे कुठून घेतलंत, फार थोडी आहेत. तो भज्यांत हात घालून म्हणाला, "घेतलं कायले? बिडीच्या पुड्यासंगं भेटलं."

साहेब म्हणाले, देवमन, चहा निवून राहिला.

कुणी शौकिनानं याला दिलं असेल. बिडीवाला शौकीन असू नये असं थोडंच आहे.

१५ ऑक्टोबर

न्हाव्याकडे बसलो होतो. गळ्याला फडकं बांधलेलं, तोंडाला साबण. आरशात मागची भिंत दिसत होती अन् तिच्यावर ती. आरशात नंबर उलटा दिसतो म्हणून नीट लागेना. उठून गेलो. साबणासकट.

३७.

न्हावी म्हणे, काय झालं भाऊ? मी म्हटलं, ही परतवाड्याहून इथं कशी आली? तो म्हणाला ती इथंच आहे, पंधरा दिवस झाले. मग अर्धी दाढी राहिली ती मी घरी येऊन केली. कानाजवळ कापलं.

शंभरात सदतीस एकदाच येतो. हे पहिलीतल्या पोरालाही कळतं.

२२ ऑक्टोबर, अकोला ते अमरावती, गाडीत

भांडून आलो. म्हणजे मी भांडलो, भगवंतराव भांडलेच नाहीत. त्या माणसाला राग येत नाही, हा त्याचा मोठा गुण की मोठं पाप, ठरवता येत नाही.

"दोन सदतीस कसे?" मी विचारलं.

"एक पयल्या खेपेचा, एक दुसऱ्या."

"दुसरी खेप कुठून आली? शंभरच काढायची ठरली होती."

"शंभरच काढली. मंग अजून शंभर. खेप म्हटलं की शंभरचीच, त्याच्यावर एक जाऊ देत नाही म्या. लोक मागून राहिले, देवमनजी. नंबर पायला की हात पुढं येते. तुमी खुश व्हाले पायजे, वयनी साऱ्या वऱ्हाडात पोचल्या."

मी म्हटलं, वहिनी म्हणू नका.

"तुमीच सांगतलं ना, वयनीवानी दिसते."

सांगितलं होतं. नक्कल नीट व्हावी, चेहरा जपावा म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ते गिऱ्हाइकांना सांगितलं नसेल हीच आशा.

दगड कुठे आहे विचारलं तर छापखान्यात. फोडायचा केव्हा, तर मागणी थांबली की. मी म्हटलं अस्सल द्या, आत्ताच्या आत्ता द्या. आत जाऊन आणलं. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. "टिकन आता. पाठीमागून कसर लागणार नाही."

तेव्हापासून मांडीवर घेऊन बसलो आहे. मूर्तिजापूर गेलं. नंबर नाही, एवढं खरं. कागद थोडा पिवळट. पाठ पुठ्ठ्याला चिकटलेली, त्यामुळे मागचे लुगड्याचे सुताचे धागे दिसत नाहीत. ही तीच आहे. तीच असली पाहिजे. मग मी पुन्हापुन्हा का पाहून राहिलो?

२९ ऑक्टोबर

पंचफुलानं भिंतीवरचा नंबर एक उतरवून खाटेखाली ठेवला. विचारलं तर सांगेना. मग सांगितलं. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी हेच चित्र आहे, पिठाच्या डब्यावर. ही म्हणाली, हे माझी माय हाय. त्या सगळ्या हसल्या. एक म्हणाली, मंग आमच्या घरी पीठ राखून राहिली का तुयी माय?

"मी पुन्हा कोनाले सांगणार नाही," पंचफुला म्हणाली. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

मी अस्सल पुढे केलं, पुठ्ठ्यावरचं. तिनं पाहिलं अन् म्हणाली, "सारख्याच हायेत, बाबा."

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन झालं. हेडक्लार्क वामनराव नांदगाव खंडेश्वरकडचे, काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी, मनानं चांगले. कचेरीतल्या सगळ्यांना फराळाला बोलावतात, मलाही. बैठकीत बसलो. माझा चहा माझ्या कपात आला. तो कान तुटलेला कप खिडकीत वेगळा असतो, माझ्यासाठीच. मी त्याचं काही मनावर घेत नाही, चहा चांगला असतो.

चिवडा तोंडात अन् समोर पाहिलं.

चार हात. कमळावर उभी. पोपट काढून टाकलेला, त्या हातातून मोहरा पडताहेत. पण नाक तेच, नथ तीच, डोळे तेच. कपाळाला खरं कुंकू लावलेलं, ते ओघळून नाकावर आलेलं. समोर झेंडूची फुलं, समई.

उजव्या कोपऱ्यात, कमळाच्या पानाखाली, हळदीचा अंगठा.

वामनरावांच्या सुभद्रावहिनी लाडू घेऊन आल्या. मी पाहतो आहे हे पाहून खुश झाल्या. म्हणाल्या, "नवी निघाली यंदा, नंबरी आहे. कोण्या सवाशिणीचं हळदीचं बोट उमटलंय बघा. लई शुभ असते म्हणतात. मी त्यालेच पहिलं फूल वाहिलं." अन् लाडू वरून माझ्या ताटलीत सोडला.

ज्या बोटाला तुम्ही फूल वाहिलं ते बोट या घराच्या पाण्याच्या माठाला लागलं असतं तर? हे डोक्यात आलं तेव्हा मी गल्लीच्या टोकाला पोचलो होतो. तिथं मात्र बराच वेळ उभा राहिलो.

देव घरातून काढले ते आम्ही. अन् आमचंच माणूस देव होऊन दुसऱ्याच्या घरात बसलं. तिला तिथं करमत असेल का, असा वेडा विचार दिवसभर डोक्यात.

१२ नोव्हेंबर

आज तपासलं.

हळदीला चुना लागला की लाल होते, हे कोणत्याही बाईला ठाऊक, कुंकू तसंच करतात. शाईचा पिवळा लाल होणार नाही. भगवंतरावांनी दिलेलं अस्सल खाली ठेवलं, डबीतला चुना करंगळीच्या टोकाला घेतला, अंगठ्याच्या ठशाच्या कडेला टेकवला.

पिवळाच राहिला.

पुन्हा लावला. पांढरा थर बसला, पुसला, खाली पिवळा.

मग नंबर एकला लावून पाहिला. तोही तसाच. दोन्ही शाई.

म्हणजे मनकर्णा त्या शेकड्यांत कुठेतरी गेली. बिडीच्या पुड्यात, पिठाच्या डब्यावर, नाहीतर कुणी चूल पेटवायला.

२६ नोव्हेंबर

भगवंतरावांना बोलून उपयोग नाही. म्हणाले, गठ्ठ्यात गेली असन, मुद्दाम कोन देते? अन् पुन्हा, "तुमाले फरक कळला काय डोळ्यानं? नाही ना? मंग?"



दर रविवारी निघतो. डबी खिशात. चित्र दिसलं की मालकाशी चार गोष्टी, मग तंबाखू मळता मळता बोट हळूच कोपऱ्याला. अकोल्याच्या टिळक रोडवर एका पानवाल्यानं हात धरला. म्हणाला, लक्ष्मीले चुना लावून राहिला काय बे? लोक जमले. मी म्हटलं, मी पाहत होतो. काय पाहत होता? एका म्हाताऱ्यानं सोडवलं, म्हणाला, जाऊ द्या, डोक्यानं गेला दिसते.

१० डिसेंबर

एक गोष्ट लिहून ठेवतो, कुणाला सांगण्यासारखी नाही.

डोळे मिटले की ती दिसते, पण खाली लाल नंबर असतो. नंबर बदलत राहतो. कामावर फाईल उघडली तरी पानाच्या कोपऱ्यात अंगठा दिसतो, नसतो. काल बाजारात एक बाई पुढे चालत होती, मी तिच्या पुढे जाऊन तिच्या हाताकडे पाहिलं. तिनं शिव्या दिल्या, बरोबर दिल्या.

आज तिचा आवाज आठवायला बसलो. मला हाक कशी मारायची, काय म्हणायची. डोळ्यांपुढे ती येते, तोंड उघडते, अन् पोपट बोलतो.

पंचफुला म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलं नाही. मी म्हटलं जेवलो. ताट भरलेलं समोर होतं.

पोरगी माझ्याकडे पाहून हसली, काळजीनंच, अन् तोंडावर हात गेला. मी ओरडलो. काय काय ओरडलो तेही आता नीट आठवत नाही. हात खाली घे, एवढंच मोठ्यानं बोललो असेन.

२५ डिसेंबर, अकोट

नाताळाची सुट्टी. पंचफुला महिनाभर मागे लागली होती की मावशीकडे चला. सुंदराबाई माझी आकडसासू, मनकर्णाची मोठी बहीण. नवरा गेल्यावर इथल्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वेचण्याच्या कामाला आहे. दहा वर्षांत मी चारदोनदा आलो असेन, तेही पोरीला पोचवायला. त्यांची जीभ तिखट आहे.

आठवड्याचा बाजार होता. पोरीला घरी सोडून मी बाजारात. पत्र्याच्या ट्रंका विकणारा बसला होता, झाकणं उघडी टाकून, अन् प्रत्येक झाकणाला आतून ती. ओळीनं. नंबर कापून टाकलेले, झाकणाच्या मापात बसेनात म्हणून. मी पहिल्या ट्रंकेपाशी बसलो. मग दुसऱ्या. ट्रंकवाला म्हणाला, पत्रा पाहा ना भाऊ, बाईले काय पाहता? मी म्हटलं, पाहतो.

शेवटच्या ओळीत एक हिरवी ट्रंक. चुना टेकवला.

लाल झाला.

आधी नारिंगी, मग कुंकवासारखा लाल, अंगठ्याच्या रेषांतून रेषांतून पसरत गेला. माझ्या डोळ्यांदेखत. मी बोट काढलं तरी पसरतच राहिला. ट्रंकवाला काहीतरी विचारत होता. मी ट्रंक उचलली, पैसे दिले, घासाघीस केली नाही.

सुंदराबाई दारात होत्या. "ट्रंक कायले आणली, जवाईबुवा? पोरीचं लगन काढलं काय एवढ्यात?"

मी झाकण उघडलं. म्हटलं, सापडली. हीच. अस्सल.

त्यांनी वाकून पाहिलं. पदर सावरला. पुन्हा पाहिलं.

"कोन हे?"

मी म्हटलं, मनकर्णा.

"हे?" त्या म्हणाल्या, अन् मग हसायलाच लागल्या, खाली बसून. "हाव बाप्पा, मले सांगे ते. म्हने, माहा नवरा येडा हाय वं, लुगड्यावरच्या पोपटवालीले मनकर्णा म्हनते. आमी दोघी पोट धरधरून हसलो होतो. अहो, ते काळी सावळी, नाक बसकं, समोरचा अर्धा दात तुटेल. लहानपनी रहाटाचा दांडा लागला होता तोंडावर. तुमाले ठाऊक नाही?"

पंचफुला माझ्याकडे पाहत होती.

मग सुंदराबाईंची नजर कोपऱ्यावर गेली. बोटानं चाचपलं. हसू थांबलं. "हे तिचं असन," त्या म्हणाल्या. "हात धुवाचा कंटाळा होता तिले. माह्या लुगड्यावर बी असेच डाग करे. पन हे लाल कावून झालं?"

मी म्हटलं, मी चुना लावला. खरं का खोटं पाहायला.

"पाह्यलं मंग," त्या म्हणाल्या, अन् पाणी आणायला उठल्या.

२६ डिसेंबर, अकोट

सकाळी डाग तपकिरी झाला होता. रेषा राहिल्या नाहीत.

सुंदराबाई म्हणाल्या, तोंडच पाहाचं होतं तं जिनात चला, फोटो टांगला हाय. जिनात तिचा फोटो? म्हणे, लग्नाच्या आधी तीही इथंच वेचणीला होती, एका हंगामाच्या शेवटी मालकानं सगळ्या बायांचा फोटो काढून कचेरीत लावला. मी विचारलं, मला कधी सांगितलं नाही?

"तुमी कधी पुसलं? तुमच्याजोळ पोपटवाली होती ना."

कचेरीत दाराच्या वर, धुळीनं भरलेला. दिवाणजीनं उतरवून दिला. बाया तीन ओळींत, मागे कापसाचा ढीग. सुंदराबाई म्हणाल्या, ओळखा.

मी सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली. पहिली ओळ पाहिली. दुसऱ्या ओळीत एक सरळ नाकाची, नथ घातलेली, टपोऱ्या डोळ्यांची. बोट ठेवलं. म्हटलं, ही.

सुंदराबाईंनी मान हलवली, नाही.

पंचफुला माझ्या काखेतून वाकून पाहत होती. तिनं अगदी कडेला बोट नेलं. तिथं एक बाई होती जिला मी पाहून न पाहिल्यासारखं पुढे गेलो होतो, कारण तिचा चेहरा दिसतच नव्हता. सगळ्या बाया ताठ, समोर पाहणाऱ्या. ही वाकलेली, डोळे बारीक झालेले, अन् तोंडावर हात.

"बाबा, हे पाहा. हे माझ्यावानी हसून राहिली."

"हेच," सुंदराबाई म्हणाल्या. "फोटोवाला म्हने, हात खाली घे बाई, हात खाली घे. हे काही घे नाही. तुटका दात दिसते म्हून हसताना कधी हात काढला नाही तिनं. अन् वरून त्याच्या टोपीले काय तं म्हटलं, आमाले हसू आवरे ना. नंबरी होती तुमची बायको, जवाईबुवा. पक्की नंबरी."

मला तो दात आठवला नाही. सात वर्षं संसार केला. फोटो परत भिंतीवर गेला तरी उभा होतो, आठवला नाही.

७ जानेवारी १९६२, अमरावती

हिरव्या ट्रंकेत पंचफुला पुस्तकं ठेवते. झाकणातलं चित्र मी काढणार होतो, ती म्हणाली राहू द्या, डाग आहे ना. वाघ, हत्ती, आगगाड्या भगवंतरावांना पाठवून देतो आहे. नंबर टाकून विकतील, विकू देत.

रोज थोडं थोडं लिहून पाहतो. काळी सावळी. बसकं नाक. अर्धा दात. हे मला आठवतं की सुंदराबाईंचं ऐकलेलं लिहितो, सांगता येत नाही. डोळे मिटले की अजूनही नथवालीच येते, नंबरासकट. बाजारात, न्हाव्याकडे, वामनरावांच्या बैठकीत आहेच. तिच्याशी माझं आता काही नातं नाही, पण ती ओळख देते.

फोटोवाल्याचे शब्द मात्र डोक्यातून जात नाहीत. हात खाली घे, हात खाली घे. ते कुणाच्या आवाजात ऐकू येतात ते मला चांगलं कळतं.

आज संध्याकाळी चहा करताना मी साखरेऐवजी मीठ टाकलं. पंचफुलानं घोट घेतला अन् तिला हसू फुटलं, मोठ्यानं, डोळे बारीक करून. हात तोंडाकडे गेला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, अन् हात आपणहून खाली घेतला. हसूही तिथंच थांबलं.

मी म्हटलं, राहू दे.

ती म्हणाली, "काय राहू दे, बाबा?"